पुनर्स्थापक मध्यस्थी, शालेय (न्यूझीलंड)

शाळेतील मारामारी, दमदाटी, चोरी अशा प्रकरणांत त्रास देणारा आणि सोसणारा यांना घरच्या माणसांसह समोरासमोर बसवून भरपाई ठरवण्याची पद्धत. शाळेत घेतलेली अशी पहिली बैठक १९९४ ची, ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडची मानतात; ती मार्गारेट थॉर्सबोर्न यांनी घेतली. पद्धतीचे मूळ मात्र न्यूझीलंडच्या १९८९ च्या बालक-कुटुंबविषयक कायद्यात आहे. सरकारी यंत्रणा माओरी, म्हणजे तेथील मूळनिवासी, मुलांना आप्तांपासून तोडते, अशी टीका जॉन रांगिहाउ यांच्या समितीने ‘पुआओ-ते-अता-तू’ या अहवालात केली होती. त्यानंतरच्या या कायद्याने बालगुन्ह्यांच्या निवाड्यात कुटुंबसभेला जागा दिली.

शाळांपुढचा पेच निलंबनाचा होता. माओरी विद्यार्थ्यांच्या निलंबनाचे प्रमाण युरोपीय वंशाच्या (पाकेहा) विद्यार्थ्यांपेक्षा बरेच जास्त होते. त्यामुळे १९९९ मध्ये शिक्षण मंत्रालयाने शाळांसाठी सभेची पद्धत बसवण्याचे काम वायकाटो विद्यापीठाकडे सोपवले.

या सभेच्या माओरी घडणीला ‘हुई व्हाकातिका’ म्हणतात. आरंभी प्रार्थना होते, मग ओळखी. नावाआधी आपला डोंगर, आपली नदी, आपले कूळ सांगायची रीत असल्याने यात बराच वेळ जातो आणि तासिकांच्या वेळापत्रकाला तो मानवत नाही. नंतर काय घडले, त्याची झळ कोणाला लागली, आता काय केले म्हणजे भरून निघेल, यावर सगळे बोलतात. आजी-आजोबा, मामा-मावशी हे येथे प्रेक्षक नसतात. मुलाच्या शब्दाला तेही जामीन राहतात. ‘उद्या पालकांना घेऊन ये’ या आपल्याकडच्या फर्मानाहून ही गोष्ट फार वेगळी आहे. ठराव झाला की सर्वांनी मिळून खायचे.

प्रार्थना व खाणे तेवढे ठेवून निर्णय मुख्याध्यापकांनी आधीच घेतलेला असेल, तर सभा नुसता देखावा ठरते. बहुवांशिक शाळांत सभा चालवणाऱ्या मध्यस्थाची कसोटी बारीकसारीक गोष्टींत लागते. सामोआच्या घरांत वडीलधाऱ्यांपुढे नजर खाली ठेवणे ही अदब आहे; शिक्षकाला मात्र तोच मुलाचा मग्रूरपणा किंवा गुन्ह्याची कबुली वाटू शकते. पालकांना इंग्रजी येत नसेल तर बाहेरचा दुभाषा लागतो. ज्याच्यावर आरोप आहे त्याच मुलाने आईला तो आरोप समजावून सांगायचा, ही सोय शाळेला स्वस्त पडते. पण मग आईच्या कानावर काय पोहोचले, हे कोणालाच कळत नाही.