एक सेवक, अनेक रांगा : प्रतीक्षाकालाच्या विचाराचा इतिहास

सेवेसाठी कराव्या लागणाऱ्या प्रतीक्षेचा गणिती विचार प्रथम दूरध्वनीच्या व्यवहारातून उदयास आला. कोपनहेगन येथील ए. के. एरलांग यांचा या विषयावरील पहिला निबंध १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकच सेवक अनेक ठिकाणी क्रमाने जात असेल तर प्रतीक्षा किती होईल, हा प्रश्न मात्र यंत्रशाळेने उभा केला. मॅक, मर्फी व वेब यांनी १९५७ मध्ये यंत्रांपुढून ठराविक क्रमाने फिरणाऱ्या एका कामगाराचे गणित मांडले. उस्मानशाही मिल्समुळे नांदेडला परिचित झालेल्या गिरणीजीवनात हा अनुभव नवा नव्हता. धागा तुटला की माग थांबे आणि विणकराची फेरी येईपर्यंत थांबूनच राही.

या विचारातून एक साधा नियम हाती आला. सेवकाचा फेरीत केवळ जाण्यायेण्यात जाणारा वेळ दोन तास असेल आणि त्याच्या एकूण वेळापैकी ८० टक्के प्रत्यक्ष सेवेला लागत असेल, तर एक फेरी सरासरी १० तासांची होते. हेच प्रमाण ९० टक्के झाले की फेरी २० तासांवर जाते. म्हणजे एका रांगेची प्रतीक्षा तिच्या लांबीवरच नव्हे, तर इतर सर्व रांगांच्या भारावर अवलंबून असते.

लातूरने २०१६ मध्ये या नियमाची कठोर बाजू अनुभवली. मांजरा धरण कोरडे पडले. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू करावी लागली. १२ एप्रिल रोजी मिरजेहून सुमारे ५ लक्ष लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी आली. पुढे ५० वाघिणींच्या गाडीने एका खेपेस सुमारे २५ लक्ष लिटर पाणी येऊ लागले. तथापि, स्थानकावरील पाणी म्हणजे घरातील पाणी नव्हे. मधला मार्ग वस्तीवस्तीतून फिरणाऱ्या टँकरचा होता.

अशा वेळी दोन मार्ग संभवतात. एक रांग संपवूनच पुढे जावे, तर प्रवासातील वेळ वाचतो. पण शेवटची वस्ती ताटकळते. प्रत्येक घराला ठराविक वाटा द्यावा, तर न्याय साधतो. पण फेऱ्या वाढतात. शिवाय फेऱ्या अनियमित झाल्या की सरासरी प्रतीक्षा निम्म्या फेरीहून अधिक होते, आणि घरातील कोणाला तरी रिकाम्या घागरींपाशी बसून राहावे लागते. टंचाईचा इतिहास लिटरांत नोंदविला जातो. या बसून राहिलेल्या तासांचीही त्यात गणना व्हावयास हवी.