श्वसनानुगामी हृद्‌गतिबदल

श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद पडतात आणि सोडताना मंदावतात. या चढउताराला श्वसनानुगामी हृद्‌गतिबदल म्हणतात. ‘रेस्पिरेटरी सायनस ॲरिदमिया’ हे त्याचे वैद्यकीय नाव आजाराचे वाटते, पण हा आजार नव्हे. तरुणांत आणि दमसासाच्या खेळाडूंत तो ठळक असतो, वयाबरोबर ओसरतो. ईसीजीचा कागद सेकंदाला 25 मिमी सरकतो. नाडी 75 असेल तर दोन शिखरांत सरासरी 20 मिमी अंतर पडते. संथ श्वसनात श्वास घेताना ते 18, सोडताना 22 मिमी होऊ शकते. मनगटावर बोटे ठेवली तरी पुष्कळांना हा फरक जाणवतो.

श्वसनाबरोबर रक्तदाब हलतो, हे स्टीफन हेल्स यांनी 1733 मध्ये घोड्यावरील प्रयोगांत नोंदवले. कार्ल लुडविग यांनी 1847 मध्ये कायमोग्राफवर कुत्र्याच्या नाडीतील बदल रेखून दाखवला.

हृदयावर व्हेगस ऊर्फ प्राणेशा तंत्रिकेचा सतत लगाम असतो. श्वास घेताना लंबमज्जेतील श्वसनकेंद्र हा लगाम सैल सोडते, उच्छ्वासात तो पुन्हा आवळला जातो. व्हेगसचा परिणाम सेकंदभरातच दिसतो, अनुकंपी तंत्रिकांचा दिसायला काही सेकंद लागतात. त्यामुळे श्वासाच्या वेगाशी जुळवून घेणे व्हेगसलाच जमते. ॲट्रोपिनने व्हेगसचा परिणाम रोखला की हा चढउतार जवळजवळ नाहीसा होतो.

मानसशास्त्राचे लक्ष इकडे वळले ते यामुळेच. मानसिक ताणात चढउतार घटतो. चिंता व नैराश्य असलेल्या गटांत तो सरासरीने कमी आढळतो. मात्र हा फरक लहान असून त्यावरून एखाद्या व्यक्तीचे निदान करता येत नाही. स्टीफन पोर्जेस यांनी 1990 च्या दशकात ‘पॉलिव्हेगल’ सिद्धान्तात भावनांचे नियमन व माणसांतील जवळीक यांचा संबंध व्हेगसशी जोडला. समुपदेशकांत तो लोकप्रिय झाला, शरीरक्रियाशास्त्रज्ञांना तितकासा पटला नाही. पॉल ग्रॉसमन व एडविन टेलर यांनी 2007 मध्ये मांडलेली हरकत वजनदार आहे: श्वासाचा वेग व खोली बदलली की व्हेगसची एकूण पातळी तीच राहूनही चढउतार बदलतो. मोठ्याने बेरीज-वजाबाकी करायला लावलेल्या माणसाचा श्वास बोलण्यानेच बदलतो; तो न मोजता काढलेला निष्कर्ष कच्चाच राहतो.

मिनिटाला सुमारे 6 श्वास घेतल्यास श्वसनाची लय रक्तदाब-नियमनाच्या दहा सेकंदांच्या लयीशी जुळते आणि चढउतार सर्वाधिक होतो. हृद्‌गतीच्या बायोफीडबॅक उपचाराचा पाया हाच आहे. लुचियानो बर्नार्डी व सहकाऱ्यांनी 2001 मध्ये दाखवले की ‘आवे मारिया’ची लॅटिन जपमाळ आणि ‘ॐ मणि पद्मे हूँ’ यांच्या पठणानेही श्वास आपोआप याच वेगावर येतो.

योगक्रिया प्रयोगशाळेत तपासण्याचे काम स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याच्या कैवल्यधामात 1924 पासून सुरू केले होते. पुढे वेंगर, बागची व आनंद यांनी हृदय थांबवण्याचा दावा करणारे योगी तपासले. 1961 च्या त्यांच्या अहवालानुसार, श्वास कोंडून स्नायू ताणल्यावर छातीतील दाब वाढून हृदयाकडे परतणारे रक्त घटे. त्यामुळे मनगटाची नाडी लागेनाशी होई, ईसीजीवर ठोके मात्र चालूच असत.