पोलादाची पारख : चांगले हत्यार ओळखण्याचा इतिहास

#थ्रेड #इतिहास

१/१६
डिसेंबर १७९६. इंग्लंडच्या केंट परगण्यातील चॅथम या गोदीच्या गावात जोसेफ सीटन यांनी आपला मुलगा बेंजामिन याच्यासाठी सुतारकामाच्या हत्यारांचा संपूर्ण संच विकत घेतला. मुलाने त्यांच्यासाठी एक देखणी पेटी घडवली आणि आतील वस्तूंची तपशीलवार यादी लिहून ठेवली. ती पेटी, ती हत्यारे आणि ती यादी आज रॉचेस्टरच्या गिल्डहॉल संग्रहालयात आहेत.

२/१६
पेटीतील रंधे लंडनच्या ख्रिस्तोफर गॅब्रिएल यांच्याकडचे; करवती मात्र शेफील्डच्या केनियन यांच्या. शेफील्ड लंडनपासून सुमारे अडीचशे किलोमीटर दूर. करवत घडवणारा आणि ती वापरणारा यांची भेट होण्याचा संभव जवळजवळ नव्हताच. मग आपण चांगलाच माल घेत आहोत, हे घेणाऱ्याने कसे जाणावे? हत्यारांच्या इतिहासातील सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे.

३/१६
अवघड अशासाठी की पोलादाचा गुण डोळ्यांना दिसत नाही. दोन पटाशा दुकानात सारख्याच चकाकतात. घरी आणल्यावर एकीची धार सागाच्या पहिल्याच गाठीवर बोथट होते; दुसरी दिवसभर कापत राहते. पोलाद मऊ राहिले तर धार वळते आणि अति कडक झाले तर तिचे टवके उडतात. या दोहोंमधला मध्य साधणे, म्हणजेच हत्याराला योग्य ‘पाणी’ देणे, हे लोहाराचे खरे कसब.

४/१६
खेड्यात हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटलेला होता. महाराष्ट्राच्या बलुतेदारीत सुतार आणि लोहार एकाच गावचे. वाकस किंवा पटाशी नीट उतरली नाही, तर सुतार ती घेऊन पुन्हा त्याच भात्यापाशी जाई. लोहाराचे वर्षाचे बलुते गावाच्या समाधानावर अवलंबून असे. हत्याराची हमी त्यावरील शिक्क्यात नसून घडवणाऱ्याच्या ओळखीत होती. व्यापार लांबवर पसरला तेव्हा ही ओळख तुटली.

५/१६
ती पोकळी भरून काढण्याचा एक मार्ग म्हणजे ग्राहकाला शहाणे करणे. लंडनचे मुद्रक जोसेफ मॉक्सन यांनी १६७७च्या सुमारास ‘मेकॅनिक एक्सरसाइजेस’ हा ग्रंथ हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. लोहारकाम, सुतारकाम, कातकाम अशा हातांच्या विद्या, ज्या गुरूकडून शिष्याकडे तोंडी जात, त्या इंग्रजीत सविस्तर छापल्या गेल्या.

६/१६
पोलाद कसे पारखावे, हे मॉक्सन सांगतात. सळईच्या टोकाचा लहान तुकडा मोडावा. चांगले पोलाद एकदम तुटते आणि तुटलेला भाग बारीक, एकसारख्या कणांचा, करडा दिसतो. वाईटात लोखंडाच्या चमकत्या शिरा आढळतात. करवतीसाठी त्यांची परीक्षा आणखी सोपी : पाते वाकवावे. ते ताठपणे वाकले तर ठोकाई चांगली. कमान सर्वत्र सारखी पडली तर घासाई चांगली.

७/१६
लोखंडाच्या त्या शिरा पोलादात येत कोठून? त्या काळी लोखंडाच्या पट्ट्या कोळशाच्या भुकटीत पुरून बंद भट्टीत आठवडाभर तापवीत. कोळशातील कार्बन बाहेरून आत झिरपे. पट्टीचा पृष्ठभाग कडक होई, गाभा मऊ राही आणि अंगावर फोड येत. अशा पट्ट्या दुमडून, पुन्हा पुन्हा ठोकून एकजीव कराव्या लागत. एकाच पट्टीच्या दोन टोकांतही गुण सारखा मिळेल, याची शाश्वती नसे.

८/१६
या अनिश्चिततेला कंटाळलेला एक माणूस घड्याळजी होता. डॉनकॅस्टरच्या बेंजामिन हंट्समन यांना घड्याळाच्या स्प्रिंगसाठी निर्दोष पोलाद हवे होते. १७४०च्या सुमारास ते शेफील्डजवळ येऊन राहिले. तेथे त्यांनी मातीच्या मुशीत पोलाद सुमारे १६०० अंश सेल्सिअस तापमानाला पूर्ण वितळवण्याची रीत सिद्ध केली. पोलाद द्रवरूप झाले की मळी वर तरंगते आणि कार्बन सर्वत्र सारखा पसरतो.

९/१६
शेफील्डच्या सुरी-कात्री बनवणाऱ्यांनी मात्र हे पोलाद नाकारले. ते घडवायला फार कठीण, अशी त्यांची तक्रार. हंट्समन यांनी आपला माल फ्रान्सला विकला. त्याच पोलादाच्या फ्रेंच सुऱ्या इंग्लंडच्या बाजारात येऊ लागल्या, तेव्हा कोठे शेफील्डचे डोळे उघडले. पुढे या कृतीचे गुपित एका प्रतिस्पर्ध्याने भिकाऱ्याच्या वेषात भट्टीत शिरून पळवले, अशी आख्यायिका तेथे रूढ झाली.

१०/१६
मुशीतील पोलाद भारताला नवे नव्हते. दक्षिण भारतात ते शतकानुशतके होत असे. युरोपात त्याला ‘वूट्झ’ म्हणत. मुंबईतील डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठवले आणि १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. लंडनचे शस्त्रक्रियेची उपकरणे बनवणारे जेम्स स्टोडार्ट तर युरोपातील उत्तम पोलादापेक्षाही वूट्झ सरस मानीत.

११/१६
मुशीतील पोलाद महाग, म्हणून हत्यारात ते काटकसरीने वापरीत. रंध्याच्या जाड पात्याचे अंग साध्या लोखंडाचे आणि धारेपाशी पोलादाची पातळ पट्टी तापवून जोडलेली. लोखंडाचे अंग हादरे सोशी आणि पोलाद कापी. अशा पात्यांवर ‘कास्ट स्टील’ ही अक्षरे ठोकलेली असत. गावच्या लोहाराच्या ओळखीची जागा आता पात्यावरील दोन शब्दांनी घेतली होती.

१२/१६
शब्द आले तशी त्यांची नक्कलही आली. शेफील्डच्या कारागिरांची चिन्हे नोंदवणारी ‘कंपनी ऑफ कटलर्स इन हॅलमशायर’ ही संस्था १६२४च्या कायद्याने स्थापन झाली होती. तरीही एकोणिसाव्या शतकात शेफील्डचे नाव ठोकलेला परका माल सर्रास विकला जाई. १८८७च्या मर्चंडाइज मार्क्स कायद्याने खोट्या खुणांवर बंदी आली. त्यातूनच ‘मेड इन जर्मनी’ हा शिक्का प्रचारात आला. जो शिक्का सावध करण्यासाठी होता, तोच पुढे गुणवत्तेची खूण ठरला.

१३/१६
या धारेची किंमत मोजणारे लोक शिक्क्यावर कधीच आले नाहीत. शेफील्डचे घासाई कामगार फिरत्या दगडावर ओणवे होऊन पाती घासत. दगडाची आणि पोलादाची धूळ त्यांच्या फुप्फुसांत साचे. काटे कोरड्या दगडावर घासणारे कामगार चाळिशी क्वचितच पाहत. संग्रहालयातील चकचकीत पात्यासमोर उभे राहताना हा हिशेबही ध्यानात ठेवावा लागतो.

१४/१६
पुढचा अध्याय अमेरिकेत लिहिला गेला. १८६९ मध्ये न्यू ब्रिटनच्या स्टॅन्ली रूल अँड लेव्हल कंपनीने लिओनार्ड बेली यांच्या रंध्यांचे हक्क घेतले. लाकडी रंध्याचे पाते हातोडीच्या टिचक्यांनी बसवावे लागे आणि त्यासाठी मुरलेला हात हवा. बेलींच्या ओतीव रंध्यात स्क्रू फिरवला की पाते केसभर पुढेमागे होई. नवशिक्याला घरच्या घरी नीट रंधता येऊ लागले. त्यांचे ‘चार नंबर’, ‘पाच नंबर’ हे क्रमांक आजही अनेक उत्पादक वापरतात. त्याच कनेक्टिकट राज्यातील ह्यू आणि स्टॅन्ली रॉकवेल यांनी १९१४ मध्ये कडकपणा मोजणाऱ्या यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला. टणक टोक धातूत किती खोल रुतते, हे ते यंत्र मोजते. अदृश्य गुणाला अखेर अंक मिळाला. चांगल्या पटाशीचा कडकपणा आज रॉकवेल ‘सी’ मापावर साधारणतः ५८ ते ६२ असतो.

१५/१६
म्हणून ‘जुने तेवढे सोने’ हा समज तपासून घ्यावा लागतो. जुन्या काळीही टाकाऊ हत्यारे विपुल होती. ती भंगारात गेली. उत्तम हत्यारे तर घासून घासून संपली. सीटन यांची पेटी शाबूत राहिली, कारण तिच्यातील हत्यारे फारशी वापरलीच गेली नाहीत. इतिहासात जे उरते, ते बहुतेकांचे प्रतिनिधी असतेच असे नाही.

१६/१६
घरच्या कार्यशाळेसाठी या इतिहासाचे सार असे. नावापेक्षा परीक्षेवर विसंबावे. गुण्या फळीच्या सरळ कडेला लावून रेघ ओढावी, मग उलटा करून तेथेच दुसरी रेघ ओढावी. रेघा फाकल्या तर गुण्या खोटा, आणि चूक दुप्पट होऊन दिसते. पटाशीची पाठ सपाट असावी, नाहीतर धार कधीच नीट लागत नाही. धारेजवळ कानस हलकेच फिरवावी : ती घसरली तर पाणी चांगले, सहज चावली तर पोलाद मऊ. रंध्याचा तळ पोलादी पट्टीने तपासावा. करवत आजही मॉक्सन यांच्याच रीतीने वाकवून पाहावी. वीस स्वस्त हत्यारांच्या पेटीपेक्षा एक करवत, दोन पटाशा, एक रंधा, एक गुण्या आणि धारेचा एक चांगला दगड पुरेसा. ओळखीचा लोहार आज शेजारी राहत नाही. त्याची नजर मात्र शिकता येते.

(समाप्त)