ग्रीन कार्ड, मका आणि अकोल्याचा जन्मदाखला

मंडळी, अकोला-अमरावतीकडची संशोधक पोरं अमेरिकेत पोस्टडॉक करायला लागली, की दोन-तीन वर्षांत एक प्रश्न हमखास येतो : "पेपर तर छापले, मग ग्रीन कार्ड काहून मिळत नाही?" याचं उत्तर थोडं इतिहासात दडलंय. म्हटलं, या वीकएंडला तेच लिहावं.

१९१७ साली अमेरिकेने आशियाचा मोठा पट्टा बंदी क्षेत्र ठरवला, त्यात हिंदुस्थान होताच. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की हिंदी माणूस कायद्याने 'गोरा' नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. आणि जो नागरिक होऊ शकत नाही, त्याला थोडे अपवाद सोडून वसायलाही येता येणार नाही, हे १९२४ च्या कायद्याने पक्कं केलं. डिग्री कितीही मोठी असो!

गंमत बघा, त्याच १९२४ मध्ये वऱ्हाडाच्या शेजारच्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे मेक्सिकोत पोचले. शेतीचं शिक्षण अमेरिकेत झालेलं, गदर चळवळीतला माणूस, इंग्रज मागावर. चापिंगोच्या शेतकी विद्यालयात ते प्राध्यापक झाले आणि मक्यावर संशोधन केलं. मायदेशी परतायची सोय नव्हती, पण शेतीच्या ज्ञानावर परक्या देशात जागा मिळाली.

अमेरिकेला हे शहाणपण उशिरा सुचलं. १९४६ मध्ये भारतीयांना वर्षाला फक्त १०० जागांचा कोटा आणि नागरिकत्वाचा हक्क मिळाला. १९६५ च्या कायद्याने वंशावर बेतलेली कोटा पद्धत काढली आणि व्यावसायिक, शास्त्रज्ञ यांच्यासाठी वेगळा प्राधान्यक्रम ठेवला. आजची चौकट १९९० च्या कायद्याची : नोकरीवर आधारित साधारण १,४०,००० व्हिसा दरवर्षी, त्यातच बायकोपोरंही मोजायची.

संशोधकासाठी त्यात मुख्य वाटा तीन. पहिली ईबी-वन-ए, म्हणजे असामान्य गुणवत्ता. दहापैकी किमान तीन निकषांचे पुरावे द्यायचे (पुरस्कार, प्रकाशनं, इतरांच्या कामाचं परीक्षण, मूळ स्वरूपाचं योगदान वगैरे) आणि मग एकूण कामाचं वजन बघितलं जातं. अर्ज स्वतःच करता येतो. दुसरी ईबी-वन-बी : सहापैकी दोन निकष, तीन वर्षांचा अनुभव आणि कायम नोकरी देणारी संस्था. तिसरी ईबी-टू मधली राष्ट्रहिताची सूट. काम महत्त्वाचं आहे, ते पुढे न्यायला तुम्ही सक्षम आहात आणि नोकरीची अट माफ करण्यात देशाचा फायदा आहे, हे २०१६ च्या धनासर निकालाप्रमाणे पटवायचं. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून गेलेला पैदासकार इथे चांगला बसू शकतो.

मग अडतं कुठे? रांगेत. एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा आहे, आणि देश ठरतो तो पासपोर्टवरून नाही, जन्मस्थळावरून. भारताला जेवढी मर्यादा तेवढीच आइसलंडला. २०२५ मध्ये ईबी-टूची भारतीय रांग २०१२-१३ च्या अर्जांपाशी रेंगाळत होती. ईबी-वनची रांग बरीच छोटी. पात्रता तुम्ही कमावता, पण किती थांबायचं हे आई कुठे बाळंत झाली त्यावर ठरतं. वंशाची अट गेली, जन्मभूमीची राहिली. माझ्या मते, हा १९२४ चाच उरलेला तुकडा आहे.

पण कायदा बदलेपर्यंत हातावर हात धरून बसायचं का? अर्ज लवकर टाका. तो एकदा मंजूर झाला, की रांगेतली तारीख सहसा तुमचीच राहते. पुढे नोकरी बदला, ईबी-टूवरून ईबी-वनवर जा, जुनी तारीख सोबत येते. जोडीदार दुसऱ्या देशात जन्मला असेल, तर त्याच्या देशाच्या रांगेतही उभं राहता येतं.

आणि हो, जन्मदाखला आत्ताच काढून बघा! आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. घर अकोल्याचं, नोंद मात्र आजोळच्या नगरपालिकेत. त्यातही नोंद बारशाआधीची, म्हणजे नावाची जागा कोरी. दहा पेपर छापलेल्या माणसाची फाइल अशा कोऱ्या रकान्यापाशी अडू नये, बाप्पा!