२४ ऑगस्ट : ‘टीम फोर्ट्रेस’ आला

१९९६ : ऑस्ट्रेलियातील रॉबिन वॉकर, जॉन कुक आणि इयान कॉघली यांनी ‘क्वेक’ या गेमवर बेतलेला ‘टीम फोर्ट्रेस’ इंटरनेटवर मोफत खुला केला. गोळीबाराच्या ऑनलाइन खेळात तेव्हा मान असे तो बहुधा बळींच्या आकड्याला. इथे जखमी साथीदाराला बरा करणारा मेडिकही तितकाच मोलाचा ठरला; ‘स्काउट’ ही भूमिका घेणारा चपळ खरा, पण चिलखत तुटपुंजे, त्यामुळे शत्रूचा झेंडा एकट्याने पळवणे अवघडच. कामांची अशी वाटणी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका वठवण्याच्या खेळात आधीच होती, हा आक्षेप रास्त आहे. पण तिथे पाळीपाळीने विचार करायला उसंत मिळे. इथे अनोळखी माणसांना क्षणात एकमेकांना सावरावे लागे. वॉकर आणि कुक यांना पुढे ‘व्हॉल्व्ह’ या गेम कंपनीने कामावर घेतले. २०१६चा ‘ओव्हरवॉच’ हा गेमही कामांच्या वाटणीच्या याच वाटेने गेला आणि त्याच्या यशात या हौशी त्रिकुटाचा वाटा मोठा आहे.