हॅझॉप : शिस्तबद्ध शंकेची वाटचाल

रासायनिक कारखान्याचा आराखडा टेबलावर पसरायचा आणि वेगवेगळ्या खात्यांतील माणसांनी एकत्र बसून त्यातील एकेक पाइपलाइन शंकेच्या नजरेने तपासायची, हा आज जगभरच्या प्रक्रिया उद्योगाचा परिपाठ आहे. ‘हॅझॉप’ या नावाने रुजलेल्या या पद्धतीने सहा दशकांची वाटचाल पूर्ण केली आहे.

तिचा आरंभ १९६३ मधला. ब्रिटनमधील इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज (आयसीआय) या कंपनीच्या हेवी ऑरगॅनिक केमिकल्स विभागात फिनॉल कारखान्याचा आराखडा तयार होत होता. भांडवली खर्च शक्य तितका कमी ठेवण्याचा तो काळ होता. काटछाट जरा जास्तच झाली, अशी काहींना धास्ती वाटत होती. उत्पादन व्यवस्थापकांनी नुकतेच वर्षभर कार्य-अभ्यास विभागात काम केले होते. तेथील चिकित्सक प्रश्नपद्धती आराखड्याला लावून पाहावी, असे त्यांनी ठरवले. तिघांचे पथक आठवड्यातील तीन पूर्ण दिवस, असे चार महिने बसले. प्रश्नोत्तरांनी कागदांचे ढीग भरले आणि कोणाच्या ध्यानीमनी नसलेले अनेक धोके बांधकामापूर्वीच उघड झाले.

अनुभवातून पद्धत आटोपशीर होत गेली. ‘नाही’, ‘जास्त’, ‘कमी’, ‘उलट’, ‘याशिवाय’, ‘अंशतः’, ‘भलतेच’ असे मोजके सूचक शब्द ठरले. टाकीतून रिअॅक्टरकडे जाणारी लाइन घेतली, की ‘उलट’ हा शब्द पुढे ठेवायचा. पंप बंद पडला आणि रिअॅक्टरमधील दाब जास्त असला, तर माल टाकीत परत येईल का? नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह अडकला तर? ऑपरेटरला ते कळणार कसे? कारण, परिणाम, उपलब्ध संरक्षण आणि करायची दुरुस्ती यांची नोंद झाल्यावरच पुढचा शब्द घ्यायचा.

हे काम वेळखाऊ आणि खर्चिक होते. आपल्या आराखड्यावर इतरांनी बोट ठेवणे डिझाइनरलाही सहज रुचणारे नव्हते. तरीही आयसीआयमधील मंडळींनी नेट सोडला नाही. एच. जी. लॉली यांचा या पद्धतीवरील शोधनिबंध १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी, १ जून रोजी, इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथील कारखान्यात घाईने जोडलेली तात्पुरती पाइपलाइन निखळली आणि सायक्लोहेक्झेनच्या स्फोटात २८ जण मृत्युमुखी पडले. चालू कारखान्यातला छोटा बदलही तपासल्याशिवाय करू नये, हा धडा उद्योगाने मोठी किंमत मोजून घेतला. १९७७ मध्ये ब्रिटनच्या केमिकल इंडस्ट्रीज असोसिएशनने मार्गदर्शिका काढली. आयसीआयचे सुरक्षा सल्लागार ट्रेव्हर क्लेट्झ यांनी लेखन आणि अध्यापनातून ही पद्धत देशोदेशी पोहोचवली.

डिसेंबर १९८४ मधील भोपाळच्या वायुकांडाने भारताला अपार दुःख दिले. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात सुधारणा झाली, १९८९ मध्ये घातक रसायनांविषयीचे नियम आले आणि २००६ मध्ये धोका-ओळख व जोखीम-विश्लेषणासाठी आयएस १५६५६ हे भारतीय मानक तयार झाले. मुंबईत १९६६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेने प्रशिक्षणाची बाजू उचलून धरली. अमेरिकेच्या १९९२ च्या प्रक्रिया-सुरक्षा नियमाने हॅझॉपला मान्यताप्राप्त पद्धतींत स्थान दिले आणि दर पाच वर्षांनी फेरतपासणी बंधनकारक केली. २००१ मध्ये आयईसी ६१८८२ हे आंतरराष्ट्रीय मानक आले; २०१६ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली.

आज तेलशुद्धीकरण, औषधनिर्मिती आणि संगणकीय नियंत्रण प्रणालींपर्यंत या पद्धतीचा विस्तार झाला आहे. ही वाटचाल पथकप्रमुख, डिझाइनर, नोंदी ठेवणारे, देखभाल अभियंते अशा असंख्य हातांनी घडवली. रात्रपाळीत प्रत्यक्ष व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या ऑपरेटरचाही त्यात तितकाच वाटा आहे. अडकणारा व्हॉल्व्ह नेमका कोणता, हे आराखड्यात दिसत नाही. ते त्याला ठाऊक असते. म्हणूनच त्या टेबलाभोवती त्याची खुर्ची मानाची आहे.