मुलांच्या रक्तदाबाची वही

शाळेतली वैद्यकीय तपासणी आठवते का? वर्गाबाहेर रांग लागायची. डॉक्टर जीभ बघायचे, दात बघायचे, भिंतीला टेकवून उंची मोजायचे, वजनकाट्यावर उभे करायचे. पण दंडाला पट्टा गुंडाळून कोणी रक्तदाब मोजल्याचे आपल्यापैकी फार थोड्यांना आठवेल. रक्तदाब हे आजोबांचे दुखणे, पोरासोरांचा त्याच्याशी काय संबंध, अशीच समजूत होती. ती कशी बदलली आणि बदलताना कोणते कोडे पुढे आले, ते आज पाहू.

दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे यंत्र इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये तयार केले. १९०५ मध्ये रशियाच्या कोरोटकॉफ यांनी पट्ट्याखालच्या धमनीवर स्टेथोस्कोप ठेवून आवाज ऐकण्याची रीत सांगितली आणि वरचा व खालचा असे दोन्ही आकडे मिळू लागले. पुढे चारच वर्षांनी, १९०९ मध्ये, बडोदे शहरात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली; आपल्या देशातल्या शालेय आरोग्यसेवेची सुरुवात तिथली मानतात. म्हणजे यंत्र आणि तपासणी जवळपास एकाच सुमारास आली. पण यंत्र राहिले मोठ्यांकडे आणि तपासणी मुलांकडे.

याला एक व्यावहारिक कारणही होते. पट्टा दंडाच्या मापाचा नसेल, तर आकडा खोटा येतो. बारीक दंडाला रुंद पट्टा बांधला तर रक्तदाब कमी दिसतो, जाड दंडाला अरुंद पट्टा बांधला तर जास्त. शिवाय मुलांचा रक्तदाब वयाबरोबर, उंचीबरोबर वाढत जातो. सहा वर्षांच्या मुलाला आणि चौदा वर्षांच्या मुलाला एकच मर्यादा लावता येत नाही.

हे सारे सांभाळून, चिकाटीने मोजमाप करणारे एक गाव अमेरिकेत होते. लुइझियाना राज्यातले बोगालुसा. लाकडाच्या आणि कागदाच्या गिरण्यांवर वाढलेले, गोऱ्या आणि काळ्या अशा दोन्ही वस्तीचे हे छोटे शहर. याच गावात जन्मलेले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. जेराल्ड बेरेन्सन यांनी १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी तिथल्या शाळकरी मुलांची पाहणी सुरू केली. एका मुलाचा रक्तदाब एकदाच मोजून ते थांबत नसत. दोन तपासनीस, प्रत्येकी तीन वेळा, आणि सहा आकड्यांची सरासरी. काही वर्षांनी पुन्हा तीच शाळा, तीच रीत.

या वहीतून पहिली गोष्ट कळली ती अशी, की आपल्या वयाच्या मुलांत ज्याचा रक्तदाब वरच्या बाजूला, तो मोठेपणीही बहुधा वरच्याच बाजूला राहतो. १९९८ मध्ये त्याहून गंभीर गोष्ट पुढे आली. अपघाताने किंवा अन्य कारणाने अकाली गेलेल्या तरुण मुलामुलींच्या धमन्या तपासल्या, तेव्हा ज्यांचे वजन, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल आधी जास्त नोंदलेले होते, त्यांच्या धमन्यांत चरबीचे थर अधिक आढळले. आजोबांच्या दुखण्याची सुरुवात नातवाच्या वयातच होत होती.

आता कोडे. १९७४ ते १९९३ या काळात बोगालुसाच्या मुलांमध्ये लठ्ठपणा शंभरात सहावरून सतरावर गेला. लठ्ठ मुलाचा रक्तदाब सडपातळ मुलापेक्षा जास्त असतो, हे तर तिथेच दिसत होते. मग गावातल्या सगळ्या मुलांचा सरासरी रक्तदाबही चढला असेल, असे कोणीही म्हणेल. अकरा हजारांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या. रक्तदाब चढलेला नव्हता. वजनाचा भार वाढत असताना दुसरे काहीतरी उलट बाजूने ओढत असावे. ते नेमके काय, यावर आजही तज्ज्ञांत एकमत नाही.

याउलट साऱ्या अमेरिकेच्या पाहणीत, १९८८-९४ च्या तुलनेत १९९९-२००० मध्ये, आठ ते सतरा वर्षांच्या मुलांचा वरचा आकडा सरासरी १.४ मिलिमीटरने आणि खालचा ३.३ मिलिमीटरने वाढलेला दिसला. वजनवाढीने त्यातला काही भागच उलगडला. दीड मिलिमीटर म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. एका मुलाच्या बाबतीत ते खरेही आहे. पण सरासरी सरकते तेव्हा सबंध वर्गच थोडा पुढे सरकतो आणि मर्यादेच्या काठावर बसलेली मुले पलीकडे जातात.

त्यात मोजपट्टीही बदलत गेली. खालचा आकडा कुठे धरायचा? आवाज दबतो तिथे की थांबतो तिथे? लहान मुलांसाठी १९८७ च्या अमेरिकन अहवालाने पहिली जागा धरली, १९९६ च्या अहवालाने दुसरी. २०१७ मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तक्ते नव्याने केले आणि त्यांतून जादा वजनाची मुले वगळली. बरोबरच आहे. लठ्ठ मुलांनाही धरून सरासरी काढली, तर मोजपट्टीच ताणली जाते.

आपल्याकडचे काय? पुण्याच्या केईएम रुग्णालयात १९८७ ते ८९ दरम्यान जन्मलेल्या मुलांना डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठव्या वर्षी पुन्हा तपासले. आताचे वजन सारखे धरले, तर जन्मतः कमी वजनाच्या मुलांचा वरचा आकडा जास्त होता. म्हणजे गोष्ट वडापावच्या गाडीपासून नव्हे, आईच्या पोटातल्या उपासमारीपासून सुरू होते. आपल्याकडे ही उपासमार आणि पुढचा लठ्ठपणा, दोन्ही एकाच पिढीच्या वाट्याला आले आहेत.

२०१६-१८ च्या देशव्यापी पोषण पाहणीत दहा ते एकोणीस वर्षांच्या शंभरातल्या सुमारे पाच मुलांचा रक्तदाब जास्त आढळला. पण हा एकदाच काढलेला फोटो झाला. तो आकडा वाढतो आहे की उतरतो आहे, हे सांगायला जुनी वही हवी. बोगालुसाने अपेक्षेविरुद्धचे उत्तर दिले ते वही होती म्हणूनच. नाहीतर ‘मुले जाड झाली, रक्तदाब वाढला’ असे सांगून सगळे मोकळे झाले असते.

शाळेच्या तपासणीत मापाचा पट्टा, पाच मिनिटे शांत बसवणे आणि आकडा जास्त आला तर घाबरून न जाता आणखी दोन वेगवेगळ्या दिवशी मोजणे, एवढे तरी जमण्यासारखे आहे. प्रगतिपुस्तकात उंची आणि वजनाशेजारी एक रकाना वाढेल. आज भरलेला तो रकाना वीस वर्षांनी कुणाच्या तरी प्रश्नाचे उत्तर असेल.

(नभोवाणीवरील भाषणावरून संपादित)